बंद ओठांचे अकरा सेकंद

३ मार्च, सोमवार

सिनेमा आला! उडणारा नायक, लाल अंगरखा, छाती पुढे. त्याच्यात काही दम नाही. खलनायक मात्र — वा! धरणाचा इंजिनियर. पुरात शहर वाचवायला खालच्या वस्तीकडचे दरवाजे उघडतो. दोनशे जातात, लाखो वाचतात. आवाज एकदाही चढवत नाही. आपल्या भाषेतही त्याला असाच बोलता करायचा.

चौदा तारखेला डबिंग हातावेगळं झालं नाही, तर पुढचे सगळे सिनेमे दुसऱ्या स्टुडिओकडे. होणार म्हणजे होणार! वायरींची भेंडोळी उचलत या धंद्यात आलो, अशा कैक तारखा पाहिल्यात.

खरं सांगू? त्या इंजिनियरचं म्हणणं मला पटतं. घरात बोलायची सोय नाही.

६ मार्च, गुरुवार

नऊ जणांचे आवाज ऐकले. नऊही गुरगुरले. एकाला म्हटलं, "बाबा रे, हा धरण राखतो, कुणाचा बंगला नाही." तो पुन्हा गुरगुरला — या वेळी हळू.

कुठलं वाक्य ओठांवर किती बसतं हे कळावं म्हणून सगळं आधी मीच कच्चं बोलून ठेवतो. शेवटचा प्रसंग सोपा. नायक विचारतो, "त्यातल्या एकाचं तरी नाव सांग." खलनायक गप्प. अकरा सेकंद ओठ मिटलेले. तिथे काही बोलायचंच नाही.

८ मार्च, शनिवार

बायको म्हणाली, "अहो, भाऊजींना बोलवा. तसा गळा आहे का दुसऱ्या कुणाचा?"

धाकट्याचा विषय चार वर्षांनी घरात निघाला. काम आटलं तेव्हा मी सहा जणांना घरी पाठवलं, म्हणून उरलेले चौदा टिकले. तो सहांच्या बाजूने भांडला आणि गेला. आपणहून गेला! मी काढलं नाही. स्टुडिओची किल्ली तेवढी मागून घेतली.

फोन केला.

११ मार्च, मंगळवार

आला. दाढी पांढरी झालीय. "काय दादा" — इतकंच. हेडफोन लावून माझा कच्चा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

"याला दुसरा माणूस कशाला शोधतोस? त्या दिवशी सहा जणांसमोर अगदी असाच बोलला होतास. एवढाच गोड."

"मग तू काय करणार?"

"नायक."

"त्याच्यात दम नाही."

"घालतो की!"

असा राग आला! तो गेल्यावर परत लावून ऐकलं. कान माझेच, त्यांच्याशी कसला वाद घालू? असाच बोललो होतो.

ठीक. खलनायक मीच करणार. आणि नीट करणार.

१३ मार्च, गुरुवार

दोन दिवस दोघे समोरासमोर, दोन माइकवर. जुनी सवय, हाताच्या खुणेवर काम चालतं. वितरकाकडच्या बाई ऐकून म्हणाल्या, "भीती वाटते हो. आणि पटतंही!" धाकटा हसला नाही.

शेवटचा प्रसंग तेवढा उरला. उद्या सकाळी उरकायचा.

१४ मार्च, शुक्रवार

पहिला टेक वाया गेला. माझ्यामुळे! धाकट्याने समोरून विचारलं, "एकाचं तरी नाव सांग." पडद्यावर ओठ मिटलेले, आणि मी बोलत सुटलो — मावशी, मास्तर, पोपट, ठमी, बुवा, लंबू. सहाही.

हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला —

"सातवं राहिलं, दादा."