बुजवलेली चीर

एडिसन, रविवार, ऑक्टोबर १९८४

शी! अजून तोंड कडू आहे.

आमच्या डॉक्टर सुभाषने रोमन सोन्याचं नाणं विकत घेतलं, आपल्याकडे दक्षिणेत जमिनीत सापडलेलं. त्यावरच्या राजाच्या गालावर छिन्नीची चीर. ती आपल्याकडच्याच कुणीतरी त्या काळी पाडलेली. का, कुणास ठाऊक! त्या चिरेवरून एकदा अंगठा फिरवायचा, म्हणून आठवडाभर वाट पाहिली.

आज जेवायला गेलो, तर नाणं त्याच्या बायकोच्या, नीलाच्या गळ्यात! सोनाराकडून चीर भरून घेतलेली, वर पॉलिश.

"काका, आता कसा परफेक्ट दिसतो ना राजा?" सुभाष म्हणाला. सर्जन ना तो!

"अरे गाढवा, तुझ्या हनुवटीवरचा व्रण असा बुजवला, तर आई ओळखेल का तुला?"

"अहो काका, गाल फाटलेला राजा गळ्यात कोण घालणार?" नीला हसली. गुणी पोर, तिच्यावर कसला रागावू?

रोमचं सोनं कुठेही मिळेल. चीर तेवढी आपली होती. आणि तीच खोट म्हणून काढून टाकली? किळस आली. श्रीखंडाची वाटी बाजूला सारली.

तरी निघताना नाणं मागून घेतलं, अंगठा फिरवून पाहिला. गुळगुळीत. साबणाच्या वडीसारखं.