पिपलानी, पॅरिस, लंडन

मी, नीळकंठ बाळकृष्ण पाटणकर, वय बावीस, राहणार कारखान्याची वसाहत, पिपलानी, भोपाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. (ते कधीच नव्हतं असं आईचं म्हणणं, त्याची इथे नोंद घेतली.) येत्या सोमवारी मुंबईला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर जरा जास्तच गोड बोलले, म्हणून लिहायला बसलो.

१. घर देता येत नाही. ते वडिलांच्या नोकरीचं आहे. नोकरी संपली की किल्ली परत.

२. टी-स्क्वेअर, ड्रॉइंग बोर्ड आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं वडिलांना. बाबा, तुम्ही फोरमन, म्हणून मी इंजिनिअर, हे तुम्हीच ठरवलंत. तिसऱ्या वर्षी मशीन ड्रॉइंगच्या सरांनी माझ्या शेडिंगवर लाल रेघ मारली. "पाटणकर, ये कैलेंडर नहीं है," म्हणाले. वर्ग हसला. मी कागद त्यांच्यासमोर फाडला आणि कॉलेज सोडलं. माफी मागत नाही. त्यांना मी काही ठेवत नाही, रागसुद्धा नाही. तो मला अजून लागेल.

३. जगातल्या मोठमोठ्या कलाशाळांची माहितीपत्रकं आईला. शाळेत असल्यापासून पत्रं टाकून मागवलेली, जाड, गुळगुळीत, रंगीत. तशीही ती तिच्याकडेच आहेत: पॅरिस लोणच्याच्या बरणीखाली, फ्लॉरेन्स डाळींच्या फळीवर, शिकागो देवघरात. "एवढा छान कागद इथे मिळतो का?" आई, पॅरिसला तेल लागलंय. बदल आता.

४. सायकल धाकट्या बहिणीला, सरोजला. ब्रेक नीट लागत नाहीत, मिसरोदच्या मोठ्या रस्त्याकडे नेऊ नये. ब्रश आणि रंगाचे डबे दत्तूला. मंडीदीपला कारखान्यांच्या पाट्या आम्ही दोघं रंगवतो. दत्तू, घाईत अक्षरं तिरकी काढतोस, भाऊ.

५. माझी चित्रं. इथे नलिनी शहाणेबद्दल लिहिणं भाग आहे. ती अरेरा कॉलनीत राहते. आम्ही एकाच दिवशी लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेला अर्ज केले. तिने वसाहतीतली पाण्याची टाकी काढली, कारखान्याची पाळी सुटल्यावर गेटातून लोटणाऱ्या सायकली काढल्या. मी पाठवलेल्या सगळ्या चित्रांत नलिनीच. तिला शिष्यवृत्ती मिळाली, मला नकार. मला आनंद झाला आणि मी जळलोही. तेव्हापासून रोज भांडतो.

शनिवारी दिल्लीहून तिचं विमान आहे आणि ती म्हणते, तुझं ऑपरेशन होईपर्यंत जाणार नाही. वेळेवर हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याची. काल तिच्या गच्चीवर मी ओरडलो.

"जा ना! अडवलंय कोणी?"

"तू. आधी बरा हो, फिर देखेंगे."

"आणि मेलो तर?"

"तर मला काय ठेवलंयस?"

"सगळी चित्रं. तुझीच आहेत."

"मग ती घ्यायला थांबावंच लागेल. बघ नीळू, तूच म्हणतोयस."

हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. घरी येऊन मी पहिला मसुदा फाडला.

तेव्हा चित्रं सरोजला. विकावीत, वाटावीत, पण शहाण्यांच्या घरी एकही पाठवू नये. नलिनीची पत्रं माझ्याबरोबर जाळावीत.

६. कु. नलिनी गोविंद शहाणे हिला मी काहीही देत नाही. आठवण नाही, निरोप नाही. जिच्यासाठी तिला थांबावं किंवा परतावं लागेल अशी एकही वस्तू माझ्याकडे तिच्या नावाची नाही. माझं काय झालं, याची तार तिला कोणी करू नये.

मी जिवंत परतलो तर वरची पाचही कलमं रद्द समजावीत. सहावं चालू राहील.

नीळकंठ बा. पाटणकर (सही)

साक्षीदार:
शंकर वामन लेले, शेजारी (सही). माझ्यासमोर लिहिलं. मुलगा चिडलेला आहे, पण शुद्धीत आहे.
सुमित्रा शंकर लेले (सही)

पिपलानी, भोपाळ
गुरुवार, २२ सप्टेंबर १९८३