चढावरचा बाक

प्रिय अण्णा,

तुमचा बाक आला! आज सकाळी कौन्सिलची व्हॅन आली, दोन माणसांनी चढाच्या वळणावर बाक बोल्टांनी घट्ट बसवला आणि निघून गेले. मी खिडकीतल्या तुमच्या खुर्चीत बसून बघत होते. तुम्ही हिवाळ्यात गेलात, हा उन्हाळ्यात आला. आनंद व्हायला हवा होता ना? मला इतका संताप आला की भांडी घासताना तुमचा स्टीलचा पेला आदळला. हे सांगू कोणाला? तुमचा मुलगा म्हणतो, "जाऊ दे ना नीता." म्हणून तुम्हालाच लिहितेय.

बैल गेला नि झोपा केला! सासऱ्याला बैल म्हणते म्हणून रागावू नका. म्हण आहे, आणि इथे अगदी चपखल बसते.

लायब्ररीतली ती सभा आठवते? कौन्सिल गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करत होतं. भिंतीवर मोठा नकाशा आणि विषयांचे तक्ते लावले होते. प्रत्येकाच्या हातात हिरवी गोल स्टिकर्स, जे हवं त्या तक्त्यावर लावायची. आपल्या इस्टेटमधली, या वसाहतीतली मराठी मंडळी किती तयारीनं आली होती! इंजिनिअर सगळे, प्रेझेंटेशन करून आणलं होतं. गणपतीला चालेल असा हॉल हवा, क्रिकेटची खेळपट्टी हवी.

तुम्ही मुलाला हळूच म्हणालात, "अरे, त्या वळणावर एक बाक टाकायले सांग न. दुकानापर्यंत चढ आहे, मधात बसाले जागाच नाही."

"अण्णा, वीस वर्षांच्या प्लॅनमध्ये बाक कोण मागतं? मागायचं तर मोठं मागायचं!"

तुम्ही सरळ उठलात आणि आपली सगळी स्टिकर्स नकाशावर त्या एकाच वळणावर, एकावर एक चिकटवून आलात. मंडळी हसली. मलाही तेव्हा गंमतच वाटली.

पुढे आराखडा छापून आला. गुळगुळीत कागद, आणि मुखपृष्ठावर कोण? बाकावर बसून हसणारे आजी-आजोबा! आत लिहिलं होतं, ज्येष्ठांच्या बसण्याच्या सोयीचा विचार दीर्घकालीन टप्प्यात केला जाईल. मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून विचारलंत, "तोवर मी उभाच राहू काय, बेटा?"

उभे कशाला राहाल? नागपुरात आयुष्य गेलं, कुणाच्याही ओट्यावर टेकायची सवय. वळणावरच्या घराची बुटकी भिंत तुम्हाला ओटाच वाटली. रोज दूध आणताना तिथे टेकायचात. घरमालकीण बाहेर येऊन विचारायची, "आर यू ऑल राइट देअर?" तुम्हाला वाटायचं, किती प्रेमानं चौकशी करते! मग तुम्ही बाजूला सरकून म्हणायचात, "फाइन, फाइन. सिट, सिट." तिच्याच भिंतीवर तिलाच बसायचं आमंत्रण! अण्णा, अहो, हे तुम्हीच करू जाणे.

तिनं तुमचा फोटो इस्टेटच्या ग्रुपवर टाकला. या गृहस्थांना कुणी ओळखतं का? ईरा शाळेतून आली ती तणतणतच; शाळेत सगळ्यांच्या तोंडी तो 'भिंतीवरचा माणूस', आणि तिला लाज वाटत होती. "ममा, दे आर ऑल ऑन अबाउट युअर मॅन ऑन द वॉल. इट्स आजोबा! आय'म मॉर्टिफाइड!"

तुम्ही जिन्याशीच उभे होता. तुम्हाला इंग्रजी कळत नाही असं त्या पोरीला वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून तुमचे गुडघे दुखायला लागले. गुडघे! मला खरं का नाही सांगितलंत? मी भांडले असते त्या बाईशी, कौन्सिलशी, तुमच्या लेकाशी. तुम्ही मात्र खिडकीशी खुर्ची ओढलीत आणि त्या वळणाकडे बघत राहिलात. त्या खुर्चीतच गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी ऐकून घेतलं.

आता पुढचं ऐका. तुमच्यामागे आम्हाला कळलं की गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ बाक ठेवता येतो. लायब्ररीत स्टिकर्स वाटणारा तोच अधिकारी घरी आला. दोन्ही हातांनी माझा हात धरून इथल्या सांत्वनाच्या रीतीनं म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल." मग जागा विचारली. मी वळण दाखवलं. त्याला काहीच अडचण नव्हती.

"ग्रँड. नो बॉदर अ‍ॅट ऑल."

मी विचारलं, "आणि जिवंत माणसानं मागितला तर?"

तो चाचरला. "अं, दॅट वुड बी अ डिफरंट प्रोसेस."

कळलं ना अण्णा? तुमची प्रोसेस चुकली. आधी मरायचं असतं, मग बसायचं!

पाटीवर काय लिहायचं विचारत होते. तुमचा लेक इंग्रजीतून लांबलचक काहीतरी करून आला. मी खोडलं. तुमचं नाव, आणि खाली एकच शब्द, देवनागरीत: बसा. तुम्ही दारात आलेल्या पोस्टमनलाही म्हणायचात तसं.

दुपारी शेजारची म्हातारी ब्रीडा ट्रॉली ओढत चढ चढत आली. तुम्ही भिंतीवर आणि ती खांबाला टेकून, असे दोघं दम खायचात, आठवतं? बाकावर हात फिरवत ती बसली. "आय'ल सिट ऑन हिज, सो," मला म्हणाली, "बिफोर दे हॅव टु पुट वन अप फॉर मी."

मी हसले आणि मग तिच्याशेजारी बसून रडले. ती जाते त्या दवाखान्याच्या रस्त्यावर एकही बाक नाही, अण्णा. तिथंही खांबच आहे.

तर माझा शब्द घ्या. पुढच्या महिन्यात कौन्सिलची सभा आहे, मी जाणार. त्याच्या पुढच्याही सभेला जाणार. हॉल मागणार नाही, खेळपट्टी मागणार नाही. तुमच्या लेकालाही शेजारी बसवून घेईन. दवाखान्याच्या रस्त्यावरचा बाक मी कुणालाही मरू न देता मिळवीन.

तुमची भांडखोर सून,
नीता