टिकलीच्या ऑपरेशनची योग्य तारीख

२७ जानेवारी, सकाळी ७
निर्णय झाला. टिकलीचं ऑपरेशन करायचं. तिची पिल्लं आज सहा आठवड्यांची झाली. काल जेवताना पपांनी सांगितलं, या घरात पुन्हा पिल्लं झाली तर टिकली नानांच्या शेतात जाईल. साखळीला. माझ्या पायाशी झोपणारी कुत्री. तिने साखळी बघितलेलीसुद्धा नाही.
धुळ्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पिल्लांनी दूध सोडलं की दोन-तीन आठवड्यांत तिचं दूध आटेल, मग आणा. पण पुन्हा माजावर येईपर्यंत थांबू नका. सोपं आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात विषय संपला.
लहानपणी, शाळेत जायच्या आधी, आजोबांनी, म्हणजे आबांनी, मला घरीच ओट्यावर अक्षरं शिकवली. ठरवण्याआधी लिहून काढायचं, ही सवयही त्यांनीच लावली. नवी वही काढली. समास आखले.

४ फेब्रुवारी
पिल्लं चार. दोन कुत्रे, दोन कुत्र्या. नावं ठेवली की जीव जडतो, म्हणून नावं ठेवायची नाहीत. अ, ब, क, ड. कुत्रे अ आणि क, कुत्र्या ब आणि ड.
पिल्लं वाटेल त्याला देणार नाही. बावीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला. पारोळ्यात असं आधी कुणी केलं नसेल.

९ फेब्रुवारी
डेअरीवाले भटूभाऊ 'अ'ला मागायला आले. प्रश्न सहा : पिल्लू उन्हाळ्यात कुठे झोपेल? म्हणाले, मी जिथे झोपतो तिथे. उत्तर अस्पष्ट. मग मी विचारलं, तुम्ही कुठे झोपता. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि चपला घातल्या. आबा ओट्यावरून म्हणाले, "तू पिल्लू दी राह्यनी का पोर?"
पिल्लू देतेय की लेक, हेही कळत नाही. आबांचं आता वय झालंय.

२६ फेब्रुवारी
दर बुधवारी दुधाची तपासणी. आज : दूध आहे, भरपूर.
शेजारच्या बेबाबाई अजून रोज शिरा आणतात, तुपातला. व्यालेल्या कुत्रीला गल्लीने शिरा घालायचा, ही इथली पद्धत. साधारण आठवडाभर घालतात. टिकली आमची आहे म्हणून चालू राहिला. नाही कसं म्हणणार, मन दुखावेल. माझ्याकडून रोज वाटीभर अळिवाची खीर. आई म्हणाली, अळीव दूध वाढायला देतात. मी म्हटलं, मी ताकदीसाठी देते. आईला सगळ्यात एकच अर्थ दिसतो.

१२ मार्च
दूध आहे. पिल्लं तीन महिन्यांची झाली, दात सुईसारखे. ती आली की टिकली उठून पलंगाखाली पळते. आईपण अर्ध्यावर सोडू नये म्हणून मी तिला धरून बसवते.
डॉक्टरांना कळवलं की दूध आटत नाही, ही केस वेगळी दिसते. त्यांनी विचारलं, पिल्लं अजून तिच्याजवळच आहेत का. मी म्हटलं, योग्य घर मिळेपर्यंत राहणारच. तिकडून फोन बंद झाला. रेंज गेली असावी.

७ एप्रिल
परीक्षेसाठी एक दिवस धुळ्याला गेले. संध्याकाळी आले तर अ आणि क गायब. आबांनी देऊन टाकले. एक जीवरामभाऊंना, एक त्याच भटूभाऊंना. फॉर्म न भरता. मी आबांशी बोलत नाहीये. त्यांच्या अजून ते लक्षात आलेलं नाही.
'ब' आणि 'ड'ला कुणी विचारत नाही. कुत्री नको, पिल्लं होतात, म्हणतात. काय ही लोकांची दृष्टी. मी असल्या घरात त्यांना देणारच नव्हते.

१६ एप्रिल
दूध नाही! परवा अळीव संपला होता आणि बेबाबाई तीन दिवस लेकीकडे गेल्या होत्या. योगायोग. खात्री करून घ्यायला आणखी दोन आठवडे बघावं. घाईत निष्कर्ष काढणारी मी नाही.

३० एप्रिल, आखाजी
खात्री झाली, दूध आटलं. पण आज अक्षय्य तृतीया, सगळ्या गल्लीच्या लेकी माहेरी आलेल्या. बेबाबाईंची दिपमाला दोन पोरांना घेऊन आलीये, लिंबाला झोका बांधलाय, पोळ्यांचा वास. अशा वेळी एका जिवाला टाके घालायला न्यायचं, मनाला पटत नाही. शिवाय ऊन चव्वेचाळीस. डॉक्टरांकडे एसी आहे म्हणे. पण रस्त्याला आहे का?
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नक्की. दरम्यान पपांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा वही दाखवली. त्यांनी वाचली नाही.

११ जून, दुपारी
उद्याची अपॉइंटमेंट होती. गाडी सांगितली होती. टॉवेल, पाण्याची बाटली, फाइल, सगळं तयार.
टिकली आज माजावर आली.
डॉक्टर म्हणाले, आता नको, रक्तस्राव जास्त होतो, दोन महिने थांबा. पहिल्या पानावर बघितलं, 'माजावर येईपर्यंत थांबू नका' हे त्यांनी सांगितलेलं आहे. पण ते त्यांनी शेवटी आणि एकदाच सांगितलं. महत्त्वाची गोष्ट अशी सांगतात का?
पपांनी नानांना फोन केला. साखळी किती लांब आहे, ते विचारलं. मी मोरीत जाऊन रडले.

२ जुलै
तीन आठवड्यांचा पहारा यशस्वी. टिकली मागच्या खोलीत, किल्ली माझ्याकडे. फाटकाशी सात कुत्रे बसून होते. एकालाही सावली दिसू दिली नाही. नियोजन असेल तर काय अशक्य आहे? पपांना मुद्दाम सांगितलं. ते हो म्हणाले.

२४ ऑगस्ट, रात्री
झालं. काल पपा म्हणाले, पोळा झाला, आता पुढच्या सणाची वाट बघायची नाही, आणि सकाळी स्वतःच गाडी काढली. मीही तेच सुचवणार होते.
धुळ्याला फॉर्मवर 'मालकाचे नाव' होतं. तिथे मी माझं नाव लिहिलं. मृणाली. अक्षर चांगलं आलं. नऊ टाके. टिकली शुद्धीवर आल्यावर माझ्या पायाशी डोकं टेकून झोपली. ती आता कुठेही जाणार नाही. सात महिने लागले, पण रीतसर.

३१ ऑगस्ट
दिवसरात्र टिकलीजवळ. गळ्यात कॉलर, टाके चाटू द्यायचे नाहीत. ब आणि ड तिच्या अंगावर उड्या मारतात म्हणून दोघींना बाहेर काढलं. ड पायरीवर बसून राहते. ब भिंतीवरून उडी मारून कुठे कुठे जाते, रात्री परत येते. येऊ दे, मोकळ्या हवेत राहिलेलं बरं.
एक गंमत. फाटकाशी पुन्हा तेच कुत्रे जमलेत. बिचाऱ्यांना टिकलीचा विसर पडलेला नाही. त्यांना कोण सांगणार, आता काही उपयोग नाही!

१९ सप्टेंबर
टाके सुकले. आई म्हणाली, 'ब'कडे बघितलंस का. बघितलं. बाळसं धरतेय. बेबाबाईंचा शिरा हल्ली तीच खाते. पोरगी आहे अजून.

५ ऑक्टोबर
पपांनी सकाळी 'ब'ला अंगणात उभं केलं, पोटाखालून हात फिरवला आणि गाडी काढली. आईपण बसली. टिकलीला मागे राहवेना, ड तिच्या मागे चढली. सगळेच धुळ्याला.
डॉक्टर म्हणाले, गाभण आहे, पाच आठवडे झाले असतील. साडेनऊ महिन्यांची कुत्री, तिलाही माज येणार हे लक्षात नव्हतं का, हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी वही उघडली. 'ब'चं पान नव्हतं.
मग मी म्हटलं, 'ड'च्या बाबतीत तरी सगळ्या बाजूंनी विचार करून, एक तक्ता करून. आई म्हणाली, 'ड'चं ऑपरेशन उद्या सकाळी आठला, उपाशीपोटी. 'ब'ची पिल्लं होऊ द्यायची, दूध सुटलं की घरं द्यायची, मग तिचं. चहा येईपर्यंत सगळं ठरलं.
'ड'चा फॉर्म माझ्यापुढे आला. मी पेन उघडलं. पपांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि 'मालकाचे नाव' पुढे आईचं नाव लिहिलं, ज्योती. मी विचारलं, आता टिकलीला शेतात पाठवणार का. पपा सही करत म्हणाले, "टिकली घरीच राहील. चूक तिची नव्हती."
येताना आई पुढे बसली. मी मागे, तिघींबरोबर.