राशीपलीकडचा खेळाडू

गोंदिया,
संक्रांतीच्या आधीचा बुधवार, १९५५

तीर्थरूप नंदलाल भाऊजींच्या पायी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे केवळरामचा, दंडवत पोचावा. जमुनाताईला नमस्कार. तिचा गुडघा नागपूरच्या जिन्यावर अजून कुरकुरतो की औषधाला घाबरून गप्प झाला, तेही कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. क्षेम कितपत आहे हे पुढे वाचून तुम्हीच ठरवावे.

तुम्ही मला ओळखता. तिरोड्याच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ मध्येच थांबवून मी भुताखेतांविरुद्ध भाषण केले, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. इंग्रज गेला, पण भूत अजून आपल्या डोक्यावर राज्य करते आहे आणि त्याला हाकलायला कोणी सत्याग्रह करत नाही, असे मी म्हणालो आणि लोकांनी टाळ्यांनी मांडव हलवला. (नंतर तेच लोक घोळक्याने घरी गेले, कारण वाटेत चिंच होती. पण तो दोष भाषणाचा नव्हे.) शाळेच्या वाचनालयातली कपाटे मी संपवली आहेत, वक्तृत्वाच्या ढाली हेडमास्तरांच्या खोलीत टांगल्या आहेत, आणि वकील होऊन कोर्टात उभे राहायचे हे माझे ठरलेले आहे. आमचे वडील बकाराम यांचे वेगळे ठरलेले आहे. मॅट्रिक झालो की देवरीकडच्या धानाच्या बांध्या सांभाळायच्या. मी त्यांना शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बोलून कोनाचं घर चाललं, त्याचं एक नाव सांग." मी बरीच नावे सांगितली. त्यातले कोणीही त्यांच्या ओळखीचे निघाले नाही.

अशात हेडमास्तरांनी सूचना वाचून दाखवली. नागपूरच्या एका कॉलेजात शालेय टेनिसच्या विजेत्याला फी माफ आणि वसतिगृहात जागा मिळणार होती. मी वडिलांसमोर पैज मांडली: जिंकलो तर वकिली, हरलो तर नांगर. वडील लगेच कबूल झाले. माझा खेळ त्यांनी पाहिला होता. चेंडू नेटमध्ये गेला की मी तो नेटमध्ये का गेला यावर बोलायला लागायचो, आणि तोपर्यंत दुसराही गेलेला असायचा.

गोंदियात टेनिसचे कोर्ट एकच. साहेब लोकांच्या क्लबाचे. साहेब गेले तेव्हा राइस मिलवाल्या मुन्नालाल सेठनी बंगल्यासकट ते विकत घेतले, आणि एवढी सपाट सिमेंटची जागा पाहून त्यांना जे सुचायला हवे तेच सुचले. तिथे ते उकडलेला धान वाळत घालतात. दिवसभर कोर्टावर धान असतो. संध्याकाळी बाया तो ओढून पलीकडच्या टोकाला रास करतात, आणि मिलच्या फाटकावर कंदील लागला की फाटक बंद. त्या दोहोंच्या मधला वेळ माझा. एखाद्या शांत माणसाने पान लावून खावे, इतकाच.

माझा जोडीदार म्हणून शाळेने बोदलकशाच्या मनिरामला नेमले होते. हा माणूस सोमवारी तोंड मिटतो आणि शनिवारी जांभई देण्यासाठी उघडतो. मागे एका भाषणात, अन्यायापुढे गप्प बसणाऱ्यांचे उदाहरण म्हणून मी त्याच्याकडे बोट दाखवले होते, तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. (त्याच्या बाजूने काही फरक पडला असेल असे वाटत नाही.) त्याची तुकडी वेगळी, तो दिसायचाही क्वचित. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी मी एकटाच गेलो, बूट घालून, मोठ्याने गुण मोजत.

धान ओढणाऱ्या बायांची मुकादम रुख्माबाई, वयाने आमच्या आजीएवढी. ती सूप खाली ठेवून माझ्यापाशी आली.

"बाबू, काऊन वरडून राहिला? रास झोपली हाये."

मी म्हणालो, मावशी, धान झोपत नसतो.

"तुह्या घरी नसंल झोपत. जोडा काढ. खळ्यावर जोडा घालून कोन येते? अन् कंदील लागेपर्यंत चूप राह्य."

कोर्टाला खळे म्हणणे मला पटले नाही, पण बाकीच्या बाया ज्या तऱ्हेने माझ्या बुटांकडे बघत होत्या ते पाहून मी बूट काढले. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडेही राशीजवळ कोणी बोलत नाही आणि रास झाली की तिच्या पायथ्याला मूठभर धान खळ्याच्या न दिसणाऱ्या राखणदाराच्या नावाने वेगळा ठेवतात. तसाच तो तिथेही ठेवला होता, पळसाच्या पानावर. बाया गेल्यावर मी तो उचलून खिशात घातला. चोरी म्हणून नव्हे. पुढच्या भाषणात मूठ उघडून दाखवायची आणि विचारायचे, बंधूंनो, हा धान कोण खातो? उंदीर. असा तो परिणाम साधायचा होता.

मग मी सर्व्हिस केली. त्याच वेळी मिलच्या हौदांची झाकणे उघडली होती आणि उकडलेल्या धानाची वाफ कोर्टावर पसरत होती. थंडीत ती वर जात नाही, जमिनीला धरून बसते. नेटच्या पलीकडे रास, राशीच्या पलीकडे काहीच दिसत नव्हते. चेंडू वाफेत गेला. मी दुसरा घ्यायला वाकलो आणि पहिला परत आला.

मला वाटले, मनिराम आला. बोलायची बंदी असल्यामुळे मी हाक मारली नाही, आणि आमचे बोलणे बंद असल्यामुळे तशी इच्छाही नव्हती. मी मारत राहिलो, चेंडू येत राहिला. पलीकडून पाय वाजत नव्हते. फक्त सूप पाखडताना होतो तसा एक हलका आवाज व्हायचा, आणि मग चेंडू. तो हातात घेतला तर कोमट लागायचा, आणि त्याला तूस चिकटलेले असायचे. कंदील लागला. मी पलीकडे गेलो. कोणी नव्हते. रुसून गेला असेल, म्हणालो.

हे रोज चालले. भाऊजी, कमी वेळात खेळ कसा सुधारावा याविषयी मी एक इंग्रजी पुस्तक वाचले होते, त्यात पुष्कळ आकृत्या होत्या. पलीकडचा माणूस आकृत्या काढत नव्हता. माझा डावीकडचा फटका कच्चा आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळले, आणि त्यानंतर कित्येक संध्याकाळी त्याने दुसरीकडे चेंडू दिलाच नाही. तो सुधारल्यावर मग पुढे पळवायला लागला. एका संध्याकाळी एकच धडा. सिमेंट दिवसभराच्या धानाने गरम असायचे आणि अनवाणी तळव्यांना चेंडू कुठे पडणार ते डोळ्यांच्या आधी कळू लागले. तोंड बंद असल्यामुळे चूक झाली की ती चूकच राहायची, तिचे भाषण व्हायचे नाही. मी चांगला खेळायला लागलो. मनिरामबद्दल मला आदर वाटू लागला होता, आणि त्याची जाहीर माफी मागण्याचा मसुदाही मी मनात तयार केला होता. (जरा लांबला होता.)

भंडाऱ्याला होणाऱ्या जिल्हा सामन्यांच्या आदल्या दिवशी मोटार स्टँडवर मनिराम बसमधून उतरताना दिसला. डोक्यावर तांदळाची पिशवी, हाताला कापणीचे घट्टे. मी विचारले, कुठून?

"बोदलकशाहून. धान कापून राहिलो होतो."

कधीपासून?

"दिवाळीपासून," तो म्हणाला, आणि आठवड्याचे बोलणे संपल्यामुळे चालू लागला.

मी तसाच मुन्नालाल सेठकडे गेलो. विचारवंताने आधी साधे कारण शोधावे. पलीकडे भिंत असेल, चेंडू तिच्यावर आपटून येत असेल. सेठ गादीवर बसून बोरे खात होते. म्हणाले, "दीवार तो थी बेटा. बरसात में गिर गई. अब उधर खाली मैदान है." मग बी थुंकून म्हणाले, "तू अकेला इतना अच्छा कैसे खेल लेता है? मैं रोज खिड़की से देखता हूँ."

भंडाऱ्यात मी सगळे सामने जिंकलो. एकदाही तोंड उघडले नाही. पंचांना वाटले मी मुका आहे, आणि बायांनी माझ्याकडे पाहून हळहळ केली. (तिरोड्याच्या मंडईनंतर हे ऐकायला मी जगलो.) शेवटच्या सामन्यात समोरच्या पोराने, तिथल्या एका वकिलांच्या मुलाने, खेळ थांबवला आणि पंचांकडे तक्रार केली. "याच्या मागं तो माणूस उभा आहे त्याला हलवा. माझं लक्ष जाते." पंचांनी पाहिले. कोणी नव्हते. कसला माणूस, त्यांनी विचारले. धोतर नेसलेला, म्हणाला, डोक्याला गमछा, हातात सूप. पंच हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या मानेवर वाफ लागत होती.

परत आल्यावर मी रुख्माबाईला गाठले. कंदील लागेपर्यंत थांबलो, मग विचारले.

"तुह्या खिशात का हाये?" ती म्हणाली.

चेंडू.

"दुसऱ्या खिशात."

तो मूठभर धान मी विसरलो होतो. काढून दाखवला. तिने हात लावला नाही.

"वाटा हाये तो त्याचा. जिकडं वाटा, तिकडं तो. पोटासाठी मांगं मांगं येऊन राहिला बिचारा, अन् तू त्याले खेळवून राहिला."

मी म्हणालो, मावशी, हे सगळं खोटं आहे.

"असंल. मंग ठेव ना परत. तुहं का जाते?"

भाऊजी, वादात मी अनेकांना कोंडले आहे, स्वतः असा कधी कोंडलो नव्हतो. खोटे असेल तर मूठ परत ठेवण्यात माझे काही जात नाही. खरे असेल तर माझी वकिली जाते. आणि ठेवली नाही तर त्याचा अर्थ मी ते खरे मानतो. रविवारी नागपूरला शेवटचा सामना आहे. तो जिंकला तर जागा माझी. मी खोलीत बसून हा प्रश्न सर्व बाजूंनी तपासला आणि प्रत्येक बाजूला तो गमछावाला उभा होता.

अखेर काल मी मूठ परत ठेवली, पळसाच्या पानावर, त्याच जागी. दुसऱ्याच्या वाट्यावर मिळवलेली सनद घेऊन मी कोर्टात कुणासाठी न्याय मागणार, असे मला वाटले. (हे वाक्य भाषणात चालले असते. पण तिथे बोलायची बंदी होती.) मग सर्व्हिस केली. चेंडू वाफेत गेला आणि परत आला नाही. पलीकडे जाऊन पाहिले तर राशीत रुतून बसला होता, गार. मला बरे वाटायला हवे होते. मी रॅकेट काखेत धरून कंदील लागेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

आता जे काय हातात मुरले असेल तेवढ्यावर रविवार काढायचा आहे. शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे मुक्कामाला येतो. अंथरूण पातळ असले तरी चालेल. ताईला सांगावे, माझ्यासाठी वेगळे काही करू नये.

आपला,
केवळराम

ता. क. पत्र टाकायला निघणार तोच वडील देवरीकडून बसने आले. सामना कितीक वाजता हाये, एवढेच विचारले. दाभण आणि सुतळी मागून घेतली, माझी खेळायची पांढरी चड्डी घेऊन ओसरीवर बसले, आणि चहा न घेता परतीची बस धरली. नंतर पाहिले तर चड्डीचा उजवा खिसा पोत्याचे तोंड शिवावे तसा शिवून टाकलेला होता. आत मूठभर काहीतरी आहे. आपल्या खळ्यावरचे, राखणदाराच्या वाट्याचेच असणार; माझ्या मुठीचे त्यांना कोणी कळवले, कोण जाणे. मी हरावे म्हणून ज्यांनी पैज घेतली त्यांनी हे केले. शिवण मी उसवलेली नाही.

ता. क. दुसरा. वडील निघताना सहज म्हणाले की येताना कंडक्टर त्यांच्याकडे दोन तिकिटांचे पैसे मागत होता आणि त्यांनी ते न भांडता दिले. वडील कंडक्टरशी न भांडता उतरल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय? तेव्हा शनिवारी ताईने माझ्या पानाशेजारी आणखी एक पान मांडावे आणि त्यावर मीठ वाढू नये, असल्यांना ते चालत नाही म्हणतात. या गोष्टी मी मानत नाही, हे तिला माझ्या वतीने ठणकावून सांगावे. आणि मग पान मांडावे.