नवरंग आपटला तेव्हापासून

बाबा,

तुम्ही हे घर पाहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाल्यावर, याच उन्हाळ्यात आम्ही इथे राहायला आलो. सक्करदऱ्याला, तिसऱ्या मजल्यावर. हॉल आणि बाल्कनीच्या मधे भिंतभर काच आहे, वरपासून खालपर्यंत, आणि बाल्कनीसमोर एक जुना कडुनिंब आणि दोन करंज. बिल्डर साधी खिडकी देत होता, काच मीच हट्टाने बसवून घेतली. त्याला ऐटीत सांगितलं, "मला काचेतलं कळतं, माझे वडील लकडगंजला काचा कापायचे." काच बसली त्या दिवशी मी तिच्यासमोर खुर्ची टाकून नुसती झाडं पाहत बसले होते. आता त्या खुर्चीत बसवत नाही.

पहिला आवाज आला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. धप्प. वरच्या मजल्यावरच्या मुलांचा चेंडू असेल, असं वाटलं. तेवढ्यात हॉलमधून लेक ओरडली, "आई, कोणीतरी पडलं!" बाल्कनीच्या फरशीवर नवरंग पडला होता. हिरवी पाठ, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळी पट्टी. चोच उघडी, आणि धापा अशा टाकत होता की सगळं अंगच हलत होतं. लेक नऊ वर्षांची आहे, तिला सगळं येतं. तिने बुटांचं खोकं रिकामं केलं, पेनने भोकं पाडली. मी पाणी पाजायला गेले तर म्हणाली, "पाणी नको पाजू, त्याच्या नाकात जाईल." खोकं अंधारात ठेवलं. तासाभराने बाल्कनीत झाकण उघडलं आणि तो सरळ करंजात गेला. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, संपलं.

चौथ्या दिवशी होला आपटला. त्याला खोक्याची गरजच पडली नाही. तो खाली मरून पडला होता आणि वर काचेवर त्याचा अख्खा ठसा उमटला होता, पिठासारखा पांढरा. पसरलेले दोन्ही पंख, मधे छाती, एकेक पीस मोजता यावं इतका स्वच्छ. लेक त्या ठशासमोर उभी राहिली ती हलेना. म्हणाली, "आई, यानं थांबायचा प्रयत्नच नाही केला." मी फडकं घेऊन तो पुसला, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मग बाबा, माझे कान बिघडले. कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, शेजारणीने आपटलेलं धुणं, प्रत्येक आवाजाला मी हातातलं टाकून काचेकडे धावायचे. कॉलेजच्या ऑफिसात मी प्रवेशाचे फॉर्म तपासते आणि मधेच उठून घरी फोन लावते. "काही आवाज आला का गं?" विचारून झाल्यावर कळतं की पोरीच्या मनात भीती मीच पेरते आहे. मी पडदे लावले. पडदे लावल्यावर एक बुलबुल आपटला. ह्यांनी बाजारातून घारीचं मोठं काळं स्टिकर आणून मधोमध चिकटवलं. दुसऱ्याच दिवशी त्या घारीपासून वीतभर अंतरावर एक तांबट आपटला. सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला, तुमची मुलगी आज आलेली नाही. मी रिक्षा करून घरी आले. आजारी असल्याचं सांगून ती स्कूलबसमधून परत फिरली होती आणि सकाळपासून बाल्कनीत उभी राहून टॉवेल हलवत होती. डबा तसाच भरलेला. उन्हाने तोंड लाल झालेलं. म्हणाली, "मी शाळेत गेले तर त्याईले कोण सांगणार, इथं काच आहे म्हणून?"

तिला आत घेतलं, लिंबूपाणी दिलं. ग्लास तिच्या हातात देताना माझाच हात थरथरत होता, आणि तिने तो पाहिला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "पडद्याचा उपयोग नाही, स्टिकरचाही नाही. बाहेरून काचेत झाड दिसतं, पक्षी त्या झाडावर बसायला जातो. एक घार लावली तर तिला टाळून बाजूने जातो. खुणा बाहेरच्या अंगाने करा आणि सगळ्या काचेवर करा. दोन इंचांपेक्षा जास्त फट सोडू नका, नाहीतर त्याला वाटतं मधून निघता येईल." मी मान हलवत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात. बसवलेल्या प्रत्येक काचेवर चुन्याची फुली मारल्याशिवाय तुम्ही हत्यारं पिशवीत भरत नव्हता.

रविवारी पांढरा ऑइलपेंट आणला. लेकीने वर्तमानपत्रावर दोन-दोन इंचांवर खुणा करून कागद आतून चिकटवला, आणि मी बाहेरून पेन्सिलीचं मागचं टोक रंगात बुडवून ठिपके द्यायला लागले. हे म्हणाले, "काय करून राहिली तू? एवढी महागाची काच!" खालच्या मजल्यावरचे काका मान वर करून ओरडले, "मॅडम, पूरी काच बिघडवून टाकली न तुम्ही!" मी स्टुलावर, मान अवघडलेली, बोटं रंगाने चिकट. एक पट्टा झाला की लेक तेवढा कागद काढून आतून एकेका ठिपक्यावर बोट ठेवून तपासत होती. "हा लहान झाला. इथं फट राहिली." दुपारी ह्यांनीही दुसरी पेन्सिल घेतली आणि वरचा भाग, जिथे माझा हात पुरत नव्हता, तो पूर्ण केला.

ठिपके देताना धरमपेठेतला तो बंगला सारखा आठवत होता. मी दहा वर्षांची, रविवार म्हणून तुमच्याबरोबर आलेली. तुम्ही व्हरांड्याच्या दाराला मोठी काच बसवता, फुली मारता आणि नळावर हात धुवायला जाता. मला ती फुली घाण दिसते. तुमचं काम चकचकीत दिसावं म्हणून मी ओल्या कागदाने ती पुसून काढते. त्याच वेळी घरातल्या म्हाताऱ्या आजी आमच्यासाठी पेरूच्या फोडींची बशी घेऊन आतून येतात, सरळ, चालत्या पावलांनी. तुम्ही नळावरून धावलात. "थांबा माय, पुढं काच हाय!" आजी दचकून थांबल्या, बशी फुटली, फोडी फरशीवर. तुम्ही माझ्याकडे वळलात. "काहून पुसली वं ते फुली? काहून पुसली?" तुमचा तसा आवाज मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता. मग ब्रश माझ्या हातात दिलात. "घे, आता तूच मार. जाड मार." ब्रश देताना तुमचा हात इतका थरथरत होता की चुना माझ्या फ्रॉकवर सांडला.

ठिपके देऊन आज बारा दिवस झाले. एकही आवाज नाही. परवा एक बुलबुल झेपावत आला आणि हातभर अंतरावरून गिरकी घेऊन कठड्यावर बसला. लेकीने पाहिलं, दप्तर उचललं आणि स्कूलबससाठी खाली गेली. मी अजून दचकते. आज ऑफिसातून घरचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. हे सगळं मी लेकीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. पानं फाडून कपाटात ठेवेन, दुसरं काय करणार.

त्या बंगल्यानंतरच्या रविवारी तुम्ही सायकल काढलीत, कॅरिअरला पोतं बांधलंत आणि दारातून विचारलंत, "चालतं का वं साइटवर?" मी म्हटलं, गृहपाठ आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच म्हटलं. तिसऱ्या रविवारी तुम्ही घंटी वाजवून थोडं थांबलात आणि गेलात, पुन्हा विचारलं नाही. मी चिडले असेन असं तुम्हाला वाटलं असेल. चिडले नव्हते. तुम्ही घाबरू शकता हे मी पाहिलं होतं, आणि ते पुन्हा पाहायची माझी हिंमत नव्हती.

गृहपाठ नव्हता, बाबा. एकाही रविवारी नव्हता.