सातफुलीची शाळा

सान रोमान,
२६ एप्रिल १९७४

प्रिय फिदेन्सिया ताईस,
हर्मेलिंदाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईसमोर वाचू नकोस. पोरीनं काय लिहिलंय असं ती विचारेलच. तिला सांग की खोकला बरा आहे आणि घरमालकीण अजून खडूसच आहे. दोन्ही खरं आहे. पुढचं मात्र एकटीनं वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल.

आईच्या देवदाराच्या पेटीतली सातफुली मी नेली. ईस्टरच्या सुट्टीत आले होते ना, तेव्हाच शालीत गुंडाळून आणली.

डोकं फिरलं का, असं म्हणशील. आधी ऐक तरी. चौथीच्या पुस्तकात आस्तेक नावाच्या जुन्या लोकांचा धडा आहे. त्यात पिरॅमिड आहेत, सोन्याचे दागिने आहेत आणि छाती फाडून काळीज काढणाऱ्या पुजाऱ्याचं पानभर रंगीत चित्र आहे. धडा झाल्यावर मी पोरांना चित्र काढायला सांगितलं, तर छत्तीसातल्या एकतीस जणांनी काळीजच काढलं! वर्गात ओतिलिया नावाची मुलगी आहे, डोंगराकडची. तिच्या घरी आपलीच, म्हणजे त्या आस्तेकांचीच, बोली बोलतात. धडा झाल्यापासून पोरं तिला ‘काळीजखाऊ’ म्हणून चिडवायला लागली. मधल्या सुट्टीत ती मक्याच्या भाकऱ्या फडक्याखाली झाकून भिंतीकडे तोंड करून खायची. मीही आठ वर्षांची असताना हेच करायचे, तुला आठवत असेल. मला राहवेना.

म्हणून सातफुली वर्गात नेली. पोरांना सांगितलं, धड्यातल्या त्या जुन्या लोकांची ही मक्याची पोर. कागद कातरून केलेली, वीतभर, लाल घागऱ्यातली. तिला न्हाऊ-जेवू घातल्याशिवाय ते मका पेरत नसत आणि माझी आई अजून पेरू देत नाही. मग ओतिलिया उभी राहिली आणि म्हणाली की आमच्याकडेही आहे, आणि तिला गार कॉफी अजिबात चालत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत चार मुली तिच्यातली भाकरी मागायला आल्या, ताई. मला काय वाटलं ते कसं सांगू!

आणि दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्टर रेमिहिओ साहेब तपासणीला आले. टेबलावर सातफुली दिसताच, एवढी दुर्मिळ वस्तू प्रदर्शनात हवी म्हणाले आणि रुमालात गुंडाळून घेऊनच गेले. माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्याच सहीसाठी पडून आहे. म्हणून मी त्यांना अडवलं नाही. आता ती नगरभवनात काचेच्या कपाटात आहे. आई पेटी उघडायच्या आत मी ती परत आणून ठेवीन, शपथ घेते. यंदा पेटी कधी उघडणार तेवढं लगेच कळव.

लोभ आटवू नकोस, मार हवा तर घरी आल्यावर दे.

तुझी,
हर्मेलिंदा


आवाकतितला,
२ मे १९७४

चि. हर्मेलिंदास,
अनेक आशीर्वाद. तूर्त ते माझ्यापाशीच ठेवलेत, सातफुली आली की पाठवीन.

तुझं पत्र चुलीत घातलं. तुलाही घालावंसं वाटलं. अगं, घरातली सुरी नेतात, कातडी पट्टा नेतात, कोणी मक्याची पोर नेतं का? एवढी शिकलीस आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस!

पेटी रविवारी, २६ मेला उघडणार. वडीलधाऱ्यांनी ठरवलंय. घेवडा, भोपळा, मिरची, मका, सगळी माणसासारखी कातरलेली कागदी बियाणी बाहेर निघणार, त्यांना नवे कपडे चढणार, वाजंत्री वाजणार आणि दुसऱ्या दिवशी पेरणी. एक जरी कमी निघालं तर चाळीस घरांतलं कोणी बियाण्याला हात लावणार नाही, हे मी तुला सांगायला हवं का? वर पावसाचा टिपूस नाही. मेल्कीआदेस काका पारावर बसून म्हणतात की आभाळ रुसलंय, कुणीतरी काहीतरी आगळीक केलीय. ते दरवर्षीच असं म्हणतात. यंदा मात्र ते माझ्याकडे बघून म्हणाले असं वाटलं.

आई रोज पहाटे पेटीसमोर धूप घालते, कपभर कॉफी ठेवते आणि आतल्या सातफुलीला नाव घेऊन विचारते की झोप लागली का गं, उकडतंय का. आणि आत ती नाहीच! मी पाठमोरी होऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासते. परवा आईला पेटीत कसर लागली का ते बघायचं होतं. मी गुडघ्याचं निमित्त काढून तिला उठूच दिलं नाही. जन्मात इतकं खोटं बोलले नव्हते.

दुसरी करून ठेवावी हेही मनात आलं. पण कातरायचा मान आईचा, आणि माझ्या हाती कात्री दिली तर पोरीऐवजी बेडूक व्हायचा. आणि दुर्मिळ म्हणे! मागच्या वर्षी तिच्या घागऱ्याला मीच पिठाच्या पोत्याचं अस्तर लावलं. गिरणीच्या नावाची अर्धी निळी अक्षरं अजून त्यावर आहेत. सांग तुझ्या साहेबाला.

आणखी एक. जूनमध्ये पोरीचा कायम झाल्याचा शिक्क्याचा कागद येणार आणि तो पेटीच्या वर भिंतीवर लावणार, असं आई गावभर सांगत सुटलीय. खिळासुद्धा ठोकून झालाय. त्या खिळ्याकडे बघितलं की मला रडू येतं.

काहीही कर, पण घेऊन ये. घरात सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

तुझी,
फिदेन्सिया


सान रोमान,
९ मे १९७४

प्रिय ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांकडे जाऊन आले. आधी तीन दिवस दारापर्यंत जाऊन परत फिरले, तेही सांगते.

सातफुली परत हवी, ती आमच्या घरची आहे, असं म्हटलं. ती किती जुनी, असं त्यांनी विचारलं. मागच्या वर्षी माझ्या आईनं कातरली, हे शब्द माझ्या ओठांवर होते. तेवढ्यात ते स्वतःच बोलायला लागले. जुनी असेल तर कायद्यानं ती देशाची, म्हणजे राजधानीच्या संग्रहालयात जाणार, परत मिळायचा प्रश्नच नाही. आणि नवी असेल तर बाईंनी मुलांना आणि इन्स्पेक्टरला फसवलं, आणि अशा बाईंना कायम करायचं की नाही याचा विचार करावा लागेल. बोला बाई, जुनी की नवी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी म्हणाले की घरी विचारून सांगते. ताई, मला लाज वाटते, पण मी असं म्हणाले आणि नमस्कार करून बाहेर आले.

नंतर नगरभवनात गेले. कपाटात ती दगडी सुऱ्या आणि फुटक्या खापरांच्या मधे पाठीवर पडलेली आहे. घागऱ्याला टाचणीनं चिठ्ठी टोचलीय. ‘आस्तेकांची मकादेवता. हे लोक आणि त्यांच्या प्रथा आता नामशेष’ आणि खाली गोल शिक्का. मी काचेपाशी उभी राहून तिच्याशी आपल्या बोलीत बोलायला गेले, तर शिपायानं काच ओली होते म्हणून हटकलं.

प्रदर्शन २१ तारखेला संपतं. मग सगळं खोक्यात भरून राजधानीला रवाना होणार. ओतिलिया रोज सकाळी हजेरीच्या आधी विचारते की बाई, तिला कुणी जेवायला दिलं का. मी रोज हो म्हणते. खोटं बोलण्यात आपण दोघी बहिणी आता सारख्याच झालोय.

नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवू? सातफुली गेली तर कुणालाच काय तोंड दाखवू? झोप नाही. काहीतरी लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी अपराधी,
हर्मेलिंदा


आवाकतितला,
१४ मे १९७४

चि. हर्मेलिंदास,
अनेक आशीर्वाद.

आईनं पेटी उघडली.

रविवारी मी नदीवर गेले होते. परत आले तर आई जमिनीवर बसलेली आणि सगळी बियाणी चटईवर ओळीनं मांडलेली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं की मी महिनाभर रिकाम्या जागेला कॉफी पाजत होते का. मग मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

संध्याकाळी वडीलधारे आले. या घरच्या पेटीचा मान उठला, माझ्या सुनेकडे द्या, असं मेल्कीआदेस काका म्हणाले. चाळीस वर्षं आईनं ती पेटी सांभाळली आणि हे असं चारचौघांत! उत्सवाच्या दिवसापर्यंत थांबा, एवढंच आई म्हणाली. त्या दिवशी जागा रिकामी दिसली तर ती स्वतःच पेटी उचलून काकांच्या दारात ठेवणार आहे. तोवर एकही घर पेरायचं नाही असं ठरलंय.

आता पुढचं आई सांगतेय आणि मी लिहितेय.

पोरी, मी तिकडे आले तरी ती माझ्याबरोबर यायची नाही. ज्यानं नेलं त्यानंच आणायचं. चारचौघांत उभं राहून, मोठ्यानं, आपल्या बोलीत चूक कबूल करायची आणि तिला नावानं हाक मारायची. मग छातीशी धरून पायी आणायची. गाडीत बसवलीस तर ती वाट विसरते आणि तिच्यामागून मका डोंगरात निघून जातो. यात तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. तू कायम झालीस की गावात मिरवायचं असं माझ्या फार मनात होतं. तुला जमणार नसेल तर तसं कळव, मी काकांना पेटी देऊन टाकीन आणि तुला बोल लावणार नाही. पण तिनं काही खाल्लं का, तेवढं आधी लिही.

एवढं बोलून आई उठून बाहेर गेली. इलारिओच्या ट्रकनं सातफुलीचं पांघरूण पाठवलंय. शिवताना आईला तीनदा सुई टोचली.

तुझी वाट बघणारी,
फिदेन्सिया


सान रोमान,
२२ मे १९७४

प्रिय ताईस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल माझा सगळा वर्ग घेऊन नगरभवनात गेले. समारोपाला रेमिहिओ साहेब होते, नगराध्यक्ष होते आणि गावातले बरेच प्रतिष्ठितही होते. कपाटासमोर उभी राहून आधी आपल्या बोलीत आणि मग त्यांच्या भाषेत म्हणाले की ही जुनी नाही, मागच्या वर्षी माझ्या आईनं कातरली, आणि मी ती न विचारता घरातून आणली. साहेब आधी हसले आणि म्हणाले की बाईंना उन्हाचा त्रास झालेला दिसतोय. मग मी म्हणाले की घागरा उलटून बघा, आत पिठाच्या पोत्याचं अस्तर आहे, माझ्या ताईनं लावलेलं.

त्यांनी कपाट उघडलं. घागरा उलटला. निळी अक्षरं सगळ्यांना दिसली. नगराध्यक्ष हसू आवरायला खोकायला लागले आणि साहेबांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला.

मग हाक मारायची होती. आणि ताई, काय सांगू, मला शब्दच आठवेनात! आपल्या बोलीतलं ते बोलावणं लहानपणी शंभरदा ऐकलेलं, पण इतकी वर्षं फळ्यावर दुसरीच भाषा लिहिल्यावर पहिल्या ओळीनंतर जीभच अडकली. तेवढ्यात मागून ओतिलियानं दुसरी ओळ म्हटली. मग ती पुढे, मी मागे. ज्या मुलीला बोलतं करायला मी हा सगळा उपद्व्याप केला, तिनंच मला पढवलं. शेवटी तिनं फडक्यातून भाकरी काढली, बाटलीतली कॉफी झाकणात ओतली आणि सातफुलीपुढे ठेवली. आई, कॉफी गरम होती. सातफुलीनं खाल्लं.

कवडीमोलाचा कागद, घेऊन जा, असं म्हणत साहेबांनी ती माझ्या हातात कोंबली. आणि सगळ्यांदेखत सांगितलं की माझ्या नेमणुकीवर सही होणार नाही, जूनअखेर मला मोकळं करणार. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

परवा शुक्रवारी पहाटे चालायला लागेन. दोन दिवसांची वाट आहे, शनिवारी दिवेलागणीला पोचेन. आई, तुझ्या खिळ्याचं तेवढं मनाला लागून राहिलंय.

तुमची,
हर्मेलिंदा


आवाकतितला,
१२ जून १९७४

चि. हर्मेलिंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद. मागचे राखून ठेवलेलेही यातच आले.

पायाचे फोड बसले का? तू लंगडत अंगणात आलीस तेव्हा मेल्कीआदेस काकांनी सगळ्यांच्या आधी उठून तुझ्या हाती पाणी दिलं, हे मी जन्मभर त्यांना चिडवायला वापरणार आहे. पेटी आपल्याच घरी राहिली. चाळीसही घरांची पेरणी झाली. पाऊस अजून आलेला नाही. रोज दुपारी डोंगरामागे ढग जमतात आणि आम्ही सगळ्या जणी दारात येऊन उभ्या राहतो. जीव टांगणीलाच आहे, पण बी मातीत आहे. ओतिलियाला आईचा निरोप दे की आमच्याकडेही कॉफी गरमच असते आणि कधीही ये.

तुला एक सांगायचं राहिलं. तू रविवारी ट्रक पकडायला पळालीस, त्यानंतर कपडे बदलायचं झालं. आईनं सातफुलीचा जुना घागरा उतरवला तर त्याला टाचणीनं टोचलेली ती चिठ्ठी तशीच होती. काढायची तू विसरलीस वाटतं. आईला वाचता येत नाही, पण शिक्का कळतो. तिनं चिठ्ठी उजेडात धरली, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि यात काय लिहिलंय म्हणून मला विचारलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आम्ही नामशेष झालोय हे कोणत्या तोंडानं वाचू? मी म्हटलं की सातफुली चौथीच्या वर्गात बसून पास झाली, असं साहेबानं लिहून दिलंय.

आईनं चिठ्ठी कपाळाला लावली. म्हणाली, माझ्या दोन पोरी सान रोमानच्या शाळेत गेल्या, एकीचा कागद साहेबानं अडवला, एकीचा तरी आला. आणि उठून ती चिठ्ठी त्या खिळ्याला लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

हे माझं शेवटचं खोटं. शाळेतून मोकळी झालीस की सरळ घरी ये आणि त्यात खरं काय लिहिलंय ते तूच तिला वाचून दाखव. मला नाही जमणार.

लोभ होता, आहे, तूही ठेव.

तुझी ताई,
फिदेन्सिया